चालत्या टेम्पोत खण उघडतात, चॅनेलला कोणते लॉक लावावे?

घोडबंदर_एसी_सर्व्हिस

नमस्कार मंडळी. टाटा एसच्या मागच्या बंद डब्यात हत्यारांसाठी १८ मिमी प्लायचे कपाट केले आहे. आतली रुंदी ६०० मिमी, एकावर एक तीन खण, तिन्ही मागच्या दाराकडे उघडणारे. प्रत्येकाला नेहमीची ४५ मिमी रुंदीची, ५०० मिमी लांबीची बॉल बेअरिंगवाली टेलिस्कोपिक चॅनेल (खण जिच्यावर सरकतो ती पट्टी). भरलेला खालचा खण २५ किलोच्या आसपास जातो. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर आणि मोठ्या खड्ड्यात खालचे दोन खण सरकून दारावर आपटतात. सुतार म्हणतो, सॉफ्ट-क्लोज लावली की प्रश्न मिटेल.

मला दोन गोष्टी हव्यात. चालत्या गाडीत खण बंद राहावा, आणि उतारावर गाडी उभी असताना उघडलेला खण आपोआप आत जाऊ नये. सध्याच्या चॅनेलवर काळा प्लॅस्टिकचा खटका आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

रबाळे_फिटर

त्या काळ्या खटक्याचा उपयोग फक्त खण चॅनेलमधून सोडवून बाहेर काढायला. एका बाजूचा वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली दाबला की खण सुटतो. ते कुलूप नाही.

सॉफ्ट-क्लोजही कुलूप नाही. त्यातली स्प्रिंग खणाला शेवटच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये आत ओढते आणि डँपर वेग कमी करतो, एवढेच तिचे काम. साध्या चॅनेलमध्ये शेवटी जो रबराचा अटकाव असतो, तो घरातल्या कपाटासाठी पुरतो, गाडीसाठी नाही. तुमचे खण मागे उघडतात, म्हणजे चढावर आणि गाडी पुढे झेपावताना वजन त्यांना बाहेर ढकलते. दहाला एक अशा चढावर २५ किलोचा खण नुसता उभा असतानाच अडीच किलोच्या जोराने बाहेर येऊ पाहतो. बॉल बेअरिंगला घर्षण जवळजवळ नसल्याने त्याला अडवणारे दुसरे काही नाही. त्यात खड्ड्याचा झटका आला की अटकाव सुटतो. ब्रेक मारल्यावर खण आत आदळून उसळी घेतो, तेव्हाही तो सुटू शकतो.

तुम्हाला लॉक-इन लॉक-आउट चॅनेल हवी. दुकानात 'लॉकवाली हेवी ड्यूटी' म्हणून मागा, आणि लॉक दोन्ही टोकांना आहे ना हे हाताने चालवून बघा, कारण काहींत फक्त उघड्या स्थितीत लॉक असते. खण पूर्ण बंद झाला की खटका खाचेत पडतो, पूर्ण उघडल्यावर पुन्हा पडतो. हलवायचा तर दोन्ही बाजूंचे खटके एकत्र दाबावे लागतात. तुमच्या दोन्ही गरजा यातच भागतात.

प्लाय_आणि_पट्टी

वरचे सगळे बरोबर. पण विकत घेण्याआधी दोन अडचणी मोजून घ्या.

पहिली रुंदीची. ४५ मिमीच्या चॅनेलच्या जाडीला प्रत्येक बाजूला १२.७ मिमी जागा लागते, म्हणून तुमचे खण ५७४ मिमीच्या आसपास असणार. लॉकवाल्या हेवी चॅनेलची रुंदी बहुतेक ५३ किंवा ७६ मिमी असते आणि जाडी १९.१ मिमी. दोन्ही बाजू धरून ३८.२ मिमी गेले. म्हणजे खणाची बाहेरची रुंदी ५६१ ते ५६१.५ मिमी हवी, खण नव्याने बांधावे लागतील. एक मिमी जास्त झाला तर चॅनेल घट्ट होऊन घासते, दोन मिमी कमी झाला तर खण वाकडा चालतो आणि एकाच बाजूचा खटका पडतो.

दुसरी अडचण दर्शनी फळीची. खटके चॅनेलच्या पुढच्या टोकाला असतात. फळी कपाटाच्या बाजू झाकणारी असेल तर खण बंद असताना बोट तिथे पोहोचणारच नाही. फळी खणाच्याच रुंदीची ठेवा, दोन्ही बाजूंची १९ मिमीची फट उघडी राहू द्या.

घोडबंदर_एसी_सर्व्हिस

फळ्या झाकणाऱ्याच आहेत. सगळे नव्याने करण्यापेक्षा आहे त्या चॅनेलवर काही उपाय?

प्लाय_आणि_पट्टी

आहे. तिन्ही खणांवरून जाणारा उभा अडसर. त्यासाठी सपाट एमएस (साध्या पोलादाची) पट्टी घेऊ नका, २५×३ ची पट्टी ६०० मिमीच्या अंतरात तिन्ही खणांच्या धक्क्याने सरळ वाकते. २५×२५×३ चा अँगल (काटकोनात वळलेली पट्टी) घ्या. हँडलच्या बाजूने तो उभा धरायचा, खालचे टोक तळाला बसवलेल्या यू-पट्टीत, वरच्या टोकाला कोयंडा आणि कुलूप. फळ्यांना टेकणाऱ्या बाजूला ३ मिमी रबर चिकटवा, नाहीतर सतत खडखडेल आणि सनमाइका खरवडेल. वागळे इस्टेटमध्ये कोणताही फॅब्रिकेटर हे करून देईल.

प्रत्येक खणाला वेगळे कॅम लॉक (किल्ली फिरवली की जीभ वळते ते) किंवा पुश लॉक बटणही (दाबून लागणारे) चालते, पण वजनदार खणात त्याची जीभ जिथे अडकते ती पट्टी प्लायमध्ये चार मोठ्या स्क्रूंनी पक्की हवी. मॅग्नेट कॅचच्या भानगडीत पडू नका.

अडसराने खण बंद राहतील, उघडा खण उतारावर आत जाणे मात्र थांबणार नाही. ते रोज लागत असेल तर रबाळेकरांची चॅनेलच खरी.

रबाळे_फिटर

मधला मार्ग सांगतो. खालचे दोन खण लॉकवाल्या चॅनेलवर नव्याने करा, वरचा हलका खण आहे तसा ठेवून त्याला पुश लॉक लावा.

बसवताना आधी कपाटाची आतली रुंदी पुढे, मध्ये आणि मागे मोजा. फरक १ मिमीपेक्षा जास्त असेल तर पातळ प्लायचे तुकडे घालून समांतर करून घ्या. खणाचे दोन्ही कर्ण मोजा, २ मिमीच्या वर फरक नको. कपाटाकडच्या चॅनेल आधी बसवा, दोन्ही पुढच्या कडेपासून एकाच अंतरावर. इथे दोन मिमीची चूक झाली की एक खटका पडतो, दुसरा पडत नाही, आणि झटका बसताच एकट्या खटक्यावर सगळे वजन येते. आधी लांबट भोकांतच स्क्रू लावा. खण चालवून दोन्ही बाजूंचा 'टक' एकाच वेळी येतो का ऐका. आल्यावरच गोल भोकांतले पक्के करा. मग खण बंद करून एकेका कोपऱ्याला ओढून बघा, कोणताही कोपरा बाहेर येता कामा नये.

गाडीत नुसते लाकडी स्क्रू टिकत नाहीत, कंपनाने भोक सैल होते. कपाटाच्या बाहेरून एम५ टी-नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) ठोका आणि आतून चपट्या डोक्याचे बोल्ट थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून बसवा. डोके चॅनेलच्या आतल्या पट्टीला घासते का ते बोल्ट पूर्ण आवळल्यावरच कळते, म्हणून प्रत्येक बोल्टनंतर खण सरकवून पाहा. टी-नट ठोकायला कपाट डब्याच्या भिंतीपासून सुटे करावे लागेल. त्याच वेळी ते तळाला आणि भिंतीला बोल्टने धरा. तीन खण एकदम उघडले तर सुटे कपाट पुढे कलंडते.

तुर्भे_हार्डवेअर

वजनाबद्दल एक भर. खोक्यावर लिहिलेली क्षमता जोडीची असते, एका चॅनेलची नाही, आणि ती उभ्या बाजूला बसवलेल्या चॅनेलची असते. आडवी, म्हणजे खणाच्या तळाखाली बसवली तर ती खूपच घटते. गाडीसाठी लिहिलेल्या आकड्याच्या निम्मे धरा. २५ किलोच्या खणाला ५० किलोच्या खालची जोडी घेऊ नका.

आणि लॉक-इन म्हणजे चोरीपासून संरक्षण नव्हे, खटका कोणीही दाबू शकतो. हत्यारे रात्रभर गाडीत राहत असतील तर अडसर आणि कुलूप वेगळे लागेलच.

देखभालीत तेल टाळा. घोडबंदरच्या धुळीचा तेलावर थर बसतो आणि खटक्याच्या खाचेत साचून तो अर्धाच पडतो. खाच कोरड्या ब्रशने साफ करा, गोळ्यांच्या मार्गाला पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात पुरे. पावसाळ्यात आणि खाडीच्या हवेत झिंक प्लेटिंगवर पांढरी भुकटी दिसू लागली की लगेच पुसून ग्रीस लावा, तांबडा गंज धरेपर्यंत थांबू नका.

घोडबंदर_एसी_सर्व्हिस

सगळ्यांचे आभार. खालचे दोन खण ५६१ मिमीचे नव्याने करतो, ५३ मिमी रुंदीची ५०० लांबीची लॉक-इन लॉक-आउट जोडी घेतो. कपाट बाहेर काढणार आहेच, तेव्हा टी-नट तिन्ही खणांना लावून घेईन आणि रात्रीसाठी अँगलचा अडसरही.

रबाळे_फिटर

खण बांधायच्या आधी चॅनेल हातात घ्या आणि तिची जाडी कॅलिपरने मोजा. १९.१ ऐवजी १९.५ निघाली तर ५६१ चाही ओढून बसेल. मोजलेली जाडी दुप्पट करून ६०० मधून वजा करा, त्यातून अर्धा मिमी सोडा, आणि तोच आकडा सुताराला लिहून द्या.