बीपीसाठी श्वासाचा व्यायाम: गोळीआधी की गोळीसोबत?

दमदार
बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातला २०२१ चा प्रयोग बघा. ५० ते ७९ वयाचे ३६ जण, वरचं बीपी १२० किंवा जास्त. अडथळ्याच्या उपकरणातून रोज ३० श्वास जोरात आत ओढायचे, आठवड्यातून ६ दिवस, ६ आठवडे. अडथळा स्वतःच्या श्वास ओढण्याच्या कमाल ताकदीच्या ७५ टक्के. वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला आणि थांबल्यावर ६ आठवड्यांनीही बराचसा फायदा टिकला. मग गोळी लावण्याआधी हे का करू नये?

पारा_१४०
कारण त्या ३६ पैकी निम्मे १५ टक्क्यांच्या नावापुरत्या अडथळ्यावर होते. उरले किती, ते मोजा! १३५ वाल्याने खुशाल करावं. १६५/१०० वाल्याला सहा आठवडे थांबवणं म्हणजे जुगार.

बिनखर्ची
ऑपरेशननंतर देतात ती तीन चेंडूंची नळी घरोघरी पडलेली असते. तीच वापरा. नाहीतर अनुलोम-विलोम आहेच.

झडप
ती नळी इथे कामाची नाही. चेंडू हवेच्या वेगाने उचलले जातात. हळू ओढलं की हवा बाजूने आरामात निघून जाते, स्नायूवर भार येतच नाही. या व्यायामाच्या उपकरणात स्प्रिंगची झडप असते. ठरलेला दाब येईपर्यंत ती उघडतच नाही, पहिल्या क्षणी तोंडाशी भिंत लागल्यासारखं वाटतं. घेताना मर्यादा बघा: कमाल ताकद ८० सेंटीमीटर पाणी (हे दाबाचं माप) असेल तर भार ६० हवा, आणि काही साधी उपकरणं ४१ लाच संपतात.

नाकाला चिमटा, पाठ ताठ. ६ श्वासांचे ५ संच, मध्ये एक मिनिट विश्रांती. ओढणं जोरात, सोडणं सैल. सलग ३० उरकले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, ओठांना मुंग्या येतात. स्नायू बळकट होतो, म्हणून ताकद दर आठवड्याला पुन्हा मोजायची. नाहीतर ७५ चे ५५ टक्के कधी झाले कळत नाही.

अनुलोम-विलोम वाईट नाही, पण तो संथ श्वासाचा मार्ग. कोलोरॅडोच्या प्रयोगात रक्तवाहिन्यांचं अस्तरही सुधारलं, त्यांना सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड जास्त उपलब्ध झालं. दोन्हींना एका मापाने तोलू नका.

पारा_१४०
फुफ्फुसाभोवती नुकतीच हवा साठलेली, कानाचा पडदा फाटलेला, हृदय निकामी होऊन सूज वाढत असलेली, अशांनी लांबच राहावं. हे कोणी लिहीतच नाही.

दमदार
पटलं. ‘गोळीआधी’ फक्त १३०-१३९ वाल्यांसाठी, तेही मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. चालू गोळी कोणी स्वतःहून सोडू नये.

पारा_१४०
आणि आकडा व्यायामानंतर लगेच घेऊ नका. सकाळी, चहाआधी, ५ मिनिटं गप्प बसून, दंड छातीच्या पातळीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आठवड्याची सरासरी इथे टाका, मग भांडू.