सात जणांची खुली बैठक: समांतर सत्रे ठेवावीत की नाही?

प्रश्न

आमच्या गटाची एक दिवसाची बैठक ओपन स्पेस पद्धतीने, म्हणजे विषयपत्रिका आधी न ठरवता आलेल्यांनीच विषय ठरवून, घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. ही पद्धत मी यापूर्वी दोनदा वापरली आहे, परंतु दोन्ही वेळा चाळीसहून अधिक माणसे होती. वर्तुळात बसून प्रत्येकाने आपला विषय मांडणे, तो कागदावर लिहून भिंतीवरच्या वेळापत्रकात लावणे आणि मग एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी चर्चा सुरू होणे, हे सारे तेव्हा फारशा खटपटीशिवाय जमून गेले.

या वेळी येणार आहेत फक्त सात जण, आणि त्यांतलाही एखादा ऐनवेळी गळू शकतो. ‘जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावे’ हा दोन पायांचा नियम या पद्धतीचा कणा आहे. पण तिघांच्या चर्चेतून एक जण उठला, तर चर्चाच मोडते आणि उठणाऱ्याला अपराधी वाटते. मग सगळ्यांनी एकत्र बसून एकामागून एक विषय घ्यावेत का? आणि मी स्वतः चर्चेत भाग घ्यावा की सूत्रधार म्हणून बाजूला राहावे? अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

संख्येची धास्ती घेऊ नका. हॅरिसन ओवेन यांनी 1985 मध्ये ही पद्धत पहिल्यांदा वापरली, ती आधीच्या एका परिषदेच्या अनुभवावरून. त्या परिषदेची आखणी त्यांनी मोठ्या मेहनतीने केली होती, आणि शेवटी लोकांना सर्वांत उपयोगी काय वाटले, तर मधल्या कॉफीच्या सुट्ट्या. सुट्टीत कपाभोवती जमणारी टोळकी दोन-चार जणांचीच असतात. तेव्हा लहान गट या पद्धतीच्या मुळाशी अधिक जवळचा आहे, असे मला वाटते.

एकत्र बसण्याच्या पर्यायाविषयी मात्र आधी साधा हिशेब करून पाहावा. सात जणांनी मिळून दहा विषय मांडले आणि प्रत्येकाला पाऊण तास दिला, तर ओळीने घेताना साडेसात तास लागतात. दोन-दोन विषय समांतर चालवले, तर पावणेचार तासांत काम होते. विषय चार-पाचच असतील, तर एकत्र बसण्यास माझी हरकत नाही, मात्र तेव्हा पाऊण तासाचा ठोकळा न ठेवता वेळ लवचीक ठेवावी. जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी 2009 मध्ये सिएटल येथे सुरू केलेल्या लीन कॉफीतला (आलेल्यांनीच विषय ठरवून ते एकामागून एक घेण्याची बैठकीची पद्धत) एक भाग इथे उसना घेता येतो: ठरलेली काही मिनिटे संपली की अंगठ्याच्या खुणेने विषय पुढे चालवायचा की नाही, हे विचारायचे. त्यामुळे जागेवरून न उठताही माणसाला ‘माझे इथले काम झाले’ असे म्हणता येते, आणि दोन पायांचा नियम वेगळ्या रूपात टिकतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. अंगठ्याची खूण हा गटाचा कौल झाला, तर दोन पायांचा नियम एकट्या माणसाचा आहे. बाकीच्या सहा जणांना विषय पुढे न्यायचा आहे आणि मला नको आहे, अशा वेळी कौल मला बसवून ठेवतो. सगळे एकाच वर्तुळात दिवसभर बसले, की तासाभरात ती नेहमीची बैठक होते: ज्यांना बोलण्याची सवय आहे ते बोलतात, बाकीचे घड्याळ पाहतात.

म्हणून सात जण असले, तरी दिवसाच्या पहिल्या भागात दोन जागा ठेवाव्यात, आणि शक्य असल्यास बसायला एक तिसरा कोपरा, जिथे कोणताही विषय नाही. ओवेन यांनी इकडून तिकडे फिरणाऱ्यांना भुंगे आणि नुसते रेंगाळणाऱ्यांना फुलपाखरे म्हटले आहे. फुलपाखराला टेकायला जागाच नसेल, तर तो बिचारा बाहेरच निघून जाईल. एखाद्या विषयाला मांडणाऱ्याशिवाय कोणी आले नाही, तर त्याने एकट्याने बसून त्यावर लिहावे किंवा दुसऱ्या चर्चेत सामील व्हावे. मोठ्या मेळाव्यात हे कुणाच्या लक्षात येत नाही. सात जणांत सर्वांना दिसते. म्हणून यात कमीपणा नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच, कोणाचा विषय ठरण्यापूर्वी, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. चर्चा मोडण्याच्या भीतीवरही तोच उपाय आहे. दोघे उरले, तर दोघांची चर्चा होते, आणि ती बहुधा अधिक खोल जाते.

प्रतिसाद ३

सूत्रधाराच्या भूमिकेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. चाळीस जणांत सूत्रधार भिंतीशी विरघळून जातो. सातांत तो आठवा माणूस असतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेषा वाचली जाते. तेव्हा अर्धवट राहू नये. विषयाशी तुमचा खरा संबंध असेल, तर प्रारंभीचे वर्तुळ उघडून द्यावे, नियम सांगावेत आणि त्यानंतर आपण आता केवळ सहभागी आहोत, हे जाहीर करून स्वतःचा विषयही लावावा. संबंध नसेल, तर चर्चांपासून दूर राहून कागद, वेळ आणि शेवटचे वर्तुळ एवढेच सांभाळावे. मध्येच डोकावून ‘कसे चालले आहे?’ असे विचारणारा सूत्रधार लहान गटात सर्वांत त्रासदायक ठरतो. (हे मी स्वतः केलेले आहे.)

दुसरी कसोटी सुरुवातीच्या शांततेची. विषय मांडण्याचे आवाहन केल्यावर मोठ्या वर्तुळात कोणीतरी लवकर उठतोच. सात जणांत मिनिट-दोन मिनिटे कोणीच हलत नाही आणि ती फार लांब वाटतात. त्या वेळी उदाहरणादाखलसुद्धा विषय सुचवू नये. तुम्ही सुचवलेला विषय पहिला लागतो आणि बाकीचे त्याच्या अवतीभोवती येतात.

आणि ज्या प्रश्नाचा निर्णय आधीच झाला आहे, त्यासाठी ही पद्धत वापरू नका. मोठ्या गर्दीत ते काही काळ झाकले जाते, लहान गटात पहिल्या अर्ध्या तासात उघडे पडते.

प्रश्नकर्ता

तिघांचेही आभार. सकाळी दोन जागा आणि एक मोकळा कोपरा ठेवतो. दुपारी उरलेले विषय चार किंवा त्याहून कमी असतील, तरच एकत्र बसू, आणि तेव्हाही कोपरा मोकळाच राहील. विषयाशी माझा संबंध आहे, हे प्रतिसाद ३ वाचताना कबूल करावे लागले, त्यामुळे वर्तुळ उघडून मी सहभागी होईन. शेवटच्या वर्तुळासाठी गटाबाहेरच्या एका सहकाऱ्याला विनंती केली आहे.