पहिलं गाणं गाजलं. दुसरं लगेच काढावं का?

कृष्णाकाठ (सांगली)
स्वतः लिहायचं, स्वतःच चाल लावायची आणि स्वतःच गायचं, अशी पोरं-पोरी सध्या विटा, पलूस, जत, मिरजेकडून जोरात पुढे येताहेत. एखाद्या गाण्याचा पंधरा सेकंदांचा तुकडा रीलवर पळतो, आठवड्यात फोन सुरू होतात आणि महिन्याभरात दुसरं गाणं हजर. ठेका तोच, हाळी तीच, शब्द तेवढे निराळे. ते हमखास पडतं. गाणं गाजल्यावर निदान सहा महिने नवं काही काढू नये, असं माझं मत आहे.

पहिलं कारण गळ्याचं. एका ओळीचे दहा टेक घेऊन, त्यातले तुकडे जोडून केलेलं रेकॉर्डिंग काळी दोनमध्ये (हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीत) झकास वाटतं. पण अंतरा तार मध्यमापर्यंत जात असेल तर मैदानावर लागोपाठ तिसऱ्या संध्याकाळी तिथे आवाज फाटतोच. कार्यक्रमासाठी पट्टी निदान एका सुराने खाली, म्हणजे काळी एक धरून, पुन्हा गळ्यावर चढवावी लागते. दुसरं कारण वेळेचं. दीड तासाचा कार्यक्रम म्हटला की बोलणं धरून बारा-चौदा गाणी लागतात. हातात एकच गाणं असेल तर उरलेला वेळ दुसऱ्यांच्या गाण्यांनी भरायचा, आणि मग तुमच्यात आणि ऑर्केस्ट्रात फरक तो काय राहिला?

सुपारीवाला (तासगाव)
काका, हिशेब चुकतोय. आपल्याकडे सुपाऱ्या चैत्र-वैशाखात, मग थेट गणपती-नवरात्रात. गाणं फाल्गुनात गाजलं आणि पोरगं तुमच्या सांगण्यावरून सहा महिने गप्प बसलं, तर उजाडतो भाद्रपद. तोवर जत्रा कमिटीच्या तोंडी दुसरंच नाव असतंय.

आणि दीड तास देतंय कोण? रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे. सवलतीचे दिवस सोडले तर तो पाळावाच लागतो. पत्रिकेवर आठची वेळ असते, पाहुण्यांचे सत्कार नऊपर्यंत चालतात, राहतो एक तास. म्हणजे सात-आठ गाणी. गाजलेलं गाणं शेवटाला राखून ठेवणारे इथंच फसतात: पावणेदहाला पोलीस स्टेजखाली उभे आणि पब्लिक त्याच गाण्यासाठी ओरडतंय. ते साडेनऊच्या आत एकदा घ्यायचं, वेळ उरला तर परत घ्यायचं. विसार निम्मा आधी, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. कार्यक्रम संपल्यावर कमिटी सापडत नाही.

चाटी (मिरज)
पट्टी उतरवा म्हणणं सोपं आहे, ढोलकीला विचारा. काळी दोनला लावलेली ढोलकी काळी एकवर उतरवली की शाईचा (पानावरच्या काळ्या लेपाचा) आवाज बसतो, टणत्कार जातो. त्या पट्टीची दुसरी ढोलकी सोबत ठेवावी लागते. रात्री दव पडलं की कातडं सैलावतं आणि सूर हळूहळू खाली सरकतो. गाणाऱ्याला वाटतं आपलाच गळा चढलाय. म्हणून दर दोन-तीन गाण्यांनी सूर तपासायचा, नट-बोल्टची ढोलकी असेल तर पाना खिशात हवा. हलगीला शेकोटी हवी, आणि आजकाल मंडपवाले ती पेटवू देत नाहीत.

रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची पट्टी लॅपटॉपवर उतरवणारे तर भलतीच गंमत करतात. दोन अर्धसुरांपलीकडे गेलं की ढोलकी सुजल्यासारखी ऐकू येते.

मूळ मुद्दा मात्र वेगळाच आहे. रीलवर पळालेले ते पंधरा सेकंद बहुतेक वेळा गायकाचे नसतातच, ढोलकीच्या तोडाचे, म्हणजे मधल्या नुसत्या वाजवण्याच्या तुकड्याचे असतात. त्याचं काय?

कृष्णाकाठ
म्हणूनच थांबा म्हणतोय. सहा महिन्यांत कागद तरी होतील. शब्द आणि चाल ज्याची, तो गीतकार-संगीतकार. ढोलकीवाला कायद्याच्या लेखी वादक-कलावंत. त्याला कलावंताचे हक्क आहेत, पण चालीत वाटा हवा असेल तर तो आधीच लिहून घ्यावा लागतो. गाणं चालल्यावर ही बोलणी काढली की भांडण ठरलेलं.

लेखणी (वाळवा)
कागदाची एवढी काळजी, मग चालींचं काय? हे सगळे जण स्वतःला ‘प्रभावित’ म्हणवतात. मुखडा जुन्या लावणीचा, अंतरा भारुडाचा, आणि खाली ‘गीत-संगीत-गायन’ एकाच नावावर. याला प्रभाव नाही, उचलेगिरी म्हणतात.

सुपारीवाला
ओव्या, भारुडं, पोवाडे सगळे चालीवरच चालत आलेत. पठ्ठे बापूराव वाळव्याचेच, रेठरे हरणाक्षचे. त्यांच्या आधी लावणीच्या चाली नव्हत्या काय? चाल कुणाच्या बापाची नसते.

लेखणी
असते, आणि तारखेनिशी असते. आपल्याकडे शब्द-चालीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून पुढे 60 वर्षं राहतो. पठ्ठे बापूराव 1945 साली गेले, म्हणजे त्यांच्या लावण्या 2005 च्या अखेरीस मोकळ्या झाल्या, खुशाल गा. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे गेले 1969 ला, त्यांच्या छक्कडीला (लावणीच्या अंगाच्या गाण्याला) 2029 संपेपर्यंत परवानगी लागते. शेटफळ्याचे गदिमा 1977 ला गेले, तिथे 2037. दोघेही आपल्याच जिल्ह्याचे, म्हणून सवलत नाही. शिवाय लावणी मोकळी असली तरी तिचं कुणी अलीकडे केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. त्यातला तुकडा कापून आपल्या गाण्यात चिकटवला की दावा येणारच.

लोकचालीवर गाणं बांधलं तर ‘संगीत: पारंपरिक, संयोजन: अमुक’ असं लिहावं. त्यात कमीपणा कसला?

सुपारीवाला
बरं, हे मान्य. पण दावा येतो तो बहुतेक वेळा लोकचालीवर नाही, विकत घेतलेल्या बीटवर, म्हणजे तयार ठेक्या-संगीतावर. नेटवरून स्वस्तात घेतलेली बीट आणखी शंभर जणांनी घेतलेली असते. त्यातल्या एकाने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (तेच संगीत दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपोआप ओळखणारी यंत्रणा) टाकलं की बाकीच्यांच्या कमाईवर त्याचा दावा. बीट फक्त तुमच्यापुरती, असं लिहून मिळत नसेल तर गाणं कंटेंट आयडीत घालूच नका, आणि पावती जपून ठेवा. असल्या भानगडीत सहा महिने थांबून काय फरक पडतो? गाणं टाकायच्या आधी एक दिवस काढला तरी काम होतंय.

चाटी
ऑडिओ कंपनीचा माणूस नेमका गाणं गाजल्यावर चौथ्या दिवशी येतो, हे विसरलात. त्याच्या कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असे शब्द असतात. चंद्रावर जत्रा भरली तरी हक्क त्यांचाच. हे शब्द नसले आणि मुदत लिहिलीच नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश भारतापुरता. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराने रॉयल्टीचा आपला बरोबरीचा वाटा सोडला असं लिहून दिलं तरी ते टिकत नाही. पण तो वाटा आपोआप घरी येत नाही. आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवावं लागतं.

कृष्णाकाठ
मग एवढं सगळं फाल्गुनातल्या त्या चार दिवसांत कोण करणार? वीस-बावीस वर्षांचं पोर, फोन वाजायचा थांबत नाही, घरात पाहुण्यांची रीघ.

सुपारीवाला
चैत्रात पहिलंच गाणं वाजवत फिरू दे की! सहा-सात गाणी लिहून तयार असतील तर ती स्टेजवर गाऊन बघू दे. कुठल्या ओळीला टाळी पडते ते तिथेच कळतं. रेकॉर्ड नंतर.

कृष्णाकाठ
म्हणजे काढायचं नाहीच. मी काय वेगळं म्हणत होतो?

सुपारीवाला
तुम्ही गाऊच नका म्हणत होता.

चाटी
वर परत वाचा, काका ‘काढू नये’ म्हणाले होते. आणि स्टेजवर नवं गाणं गायलात तर पहिल्याच रात्री कुणीतरी मोबाईलवर घेऊन टाकतोय. त्याआधी साधं हार्मोनियमवर गाऊन, तारखेसकट स्वतःला मेल करून ठेवा. त्याने नोंदणी होत नाही, पण गाणं आधी कुणाकडे होतं हे दाखवायला काहीतरी हाताशी राहतं.

लेखणी
आणि त्यात ढोलकीवाल्याचं नावही लिहा.