तातडीचे: सासूबाईंचे यादीतील नाव आणि पासपोर्टावरील नाव

प्रेषक: एव्हिंग्टनच्या वहिनी
बुधवार, १२ एप्रिल २०२३

मंडळातील सर्वांना नमस्कार,

सासूबाईंचे पोल कार्ड, म्हणजे मतदानाची सूचना देणारे कार्ड, येऊन पडले होतेच. काल रात्री ते त्यांच्या पासपोर्टाशेजारी ठेवून पाहिले आणि पोटात गोळा आला. मतदार यादीत त्यांचे सासरचे नाव आहे, म्हणजे लग्नात तांदळात लिहून बदललेले. पासपोर्ट मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून काढलेला असल्यामुळे त्यावर पहिले नाव माहेरचेच आहे. आडनाव एक, जन्मतारीख एक, पण पाहणाऱ्याला त्या दोन निराळ्या बायका वाटतील. आजवर केंद्रावर नाव-पत्ता सांगितला की मतपत्रिका हातात मिळत असे. या वेळी ४ मे रोजी महापौर आणि नगरसेवकांच्या निवडणुकीत प्रथमच छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागणार आहे. १९७८ साली इंग्लंडात, इथे लेस्टरला आल्यापासून त्यांनी एकही मतदान चुकवलेले नाही. त्यांना दारातून परत पाठवले तर काय करायचे, हे कृपया कोणीतरी नीट सांगावे.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, १२ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

प्रथम दिलासा देणारी गोष्ट सांगतो. भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुलातील देशांचे पासपोर्ट ग्राह्य धरले आहेत, आणि त्याची मुदत संपली असली तरी फोटोवरून माणूस ओळखता आला म्हणजे पुरे. बीआरपी, म्हणजे इथल्या निवास परवान्याचे कार्डही चालते. आधार कार्ड, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचे कार्ड) आणि भारतातील वाहन परवाना मात्र चालणार नाही. गेल्या आठवड्यात मंडळाच्या याच ईमेल यादीवर कोणीतरी परवाना चालेल असे लिहिले होते, ते चुकीचे आहे.

अडचण तुम्ही म्हणता तीच, नावाची. स्पेलिंगमधला किरकोळ फरक किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असणे-नसणे यावरून कोणी अडवणार नाही, पण पहिले नावच वेगळे असेल तर पुरावा मागतील. सासूबाईंची नोंदणी पासपोर्टावरील नावाने पुन्हा करावी, हा एक मार्ग झाला. त्याची मुदत सोमवारी, १७ एप्रिलला मध्यरात्री संपते. यादीतल्या नावाचे मतदार ओळख प्रमाणपत्र काढणे हा दुसरा. ते मोफत आहे आणि त्यासाठी २५ एप्रिलच्या संध्याकाळी ५ वाजेपर्यंत अर्ज करता येतो. अर्जात नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा) क्रमांक लागतो. तिथेही नाव जुळले नाही तर जास्तीची कागदपत्रे मागतात आणि तीही नसली तर नात्यात नसलेल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. साक्षीसाठी मी तयार आहे.

---

प्रेषक: अप्पा, रशी मीड
गुरुवार, १३ एप्रिल

सूनबाई, एवढे घाबरून जाऊ नका. लग्नपत्रिका बरोबर घेऊन जा. आमच्या घरातल्या पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ खाली माहेरचे नाव आहे, आणि तुमच्याही घरात ती जपून ठेवलेली असणारच.

मला या नियमाचे मनापासून दुःख होते, आणि त्याला कारण आहे. आमच्या शेजारचे कुटुंब कंपालाहून आले होते. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये याच शहराच्या कौन्सिलने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन तिथून हाकलल्या जाणाऱ्या आशियाई लोकांना लेस्टरला येऊ नका असे कळवले होते. ते कात्रण शेजाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे कपाटात जपून ठेवले होते. माणसे आली, बेलग्रेव्ह रोडवर दुकाने उभी राहिली आणि त्याच कौन्सिलमध्ये त्यांची मुले निवडून गेली, ती सगळी मतपत्रिकेच्या बळावर. ज्या बाईने चाळीस वर्षांहून अधिक काळ या शहरात मत दिले, तिला आता तू कोण असे विचारायचे, हे मला पटत नाही.

आणखी एक. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल असते. खोडता येईल अशी शंका मनात असेल तर स्वतःचे पेन न्यावे, त्याला कोणाची हरकत नसते.

---

प्रेषक: नाइटनच्या ताई
गुरुवार, १३ एप्रिल

अप्पा, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून लिहिते, पण लग्नपत्रिकेच्या भरवशावर कोणालाही पाठवू नका. मी दोनदा मतदान केंद्रावर कारकून म्हणून बसले आहे. सकाळी ७ ला दार उघडते, रात्री १० ला बंद होते, आणि समोरचा मनुष्य खरे बोलतो आहे हे दिसत असूनही नियमाबाहेर जाता येत नाही. पुरावा पुरेसा आहे की नाही हे केंद्राध्यक्ष ठरवतात, आणि त्यांना देवनागरी वाचता येईल असे धरून चालू नये. विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला असेल तर गोष्ट वेगळी, पण त्या काळी किती लग्नांची नोंदणी झाली होती? परत पाठवलेल्या मतदाराला त्याच दिवशी योग्य कागद घेऊन पुन्हा येता येते, परंतु सत्तरी ओलांडलेल्या बाईला पावसात दोनदा यायला लावणे मला बरे वाटत नाही.

ओळखपत्राच्या या गडबडीत मतपत्रिकेचा विषय बाजूला पडू नये. २०१९ साली मी सभासदांसाठी मराठीत दोन पानी माहितीपत्रक तयार केले होते. या वेळी मला कोणी विचारले नाही, तरी लिहिते. दोन मतपत्रिका मिळतील. महापौरांच्या पत्रिकेवर मागच्या खेपेस पहिली आणि दुसरी पसंती असे दोन रकाने होते. आता ती पद्धत गेली असून एकच फुली करायची आहे. प्रभागाच्या पत्रिकेवर मात्र जितके नगरसेवक तितक्या फुल्या करता येतात. आपल्या २१ प्रभागांतून ५४ नगरसेवक निवडले जातात, कुठे दोन, कुठे तीन. माझ्या नाइटनमध्ये आणि अप्पांच्या रशी मीडमध्ये तीन, एलस्टोनमध्ये दोन. कमी फुल्या केल्या तर चालते, एक जरी जास्त झाली तर ती पत्रिका बाद होते. मोजणीच्या टेबलावर अशा पत्रिका बाजूला पडताना मी पाहिल्या आहेत. कोणीतरी दिवसाचे काम सोडून येऊन केलेल्या त्या फुल्या असतात.

---

प्रेषक: सहसचिव
शुक्रवार, १४ एप्रिल

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ताई, माहितीपत्रकाबाबत आपल्याला विचारायला हवे होते. ती चूक माझी आहे. रविवारी, ३० एप्रिलला महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात ते वाटावे असे मला वाटते, आपण नव्याने करून द्याल का?

त्याच कार्यक्रमाला एका उमेदवारास दीपप्रज्वलनासाठी बोलवावे, अशी सूचना दोन सभासदांनी मला स्वतंत्रपणे लिहिली आहे. ती मान्य करता येणार नाही. मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले आहे आणि अशा संस्थेला कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही. सर्व उमेदवारांना बोलावून चर्चा ठेवणे शक्य होते, परंतु त्यासाठी आता दिवस उरलेले नाहीत. मत कोणाला द्यावे हे या यादीवर कृपया लिहू नये. मत कसे द्यावे हे जरूर लिहावे.

---

प्रेषक: विद्यापीठातील एक सभासद
शुक्रवार, १४ एप्रिल

नमस्कार. मी मुलुंडचा आहे, इथे शिकायला येऊन सात महिने झाले. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भारतीय नागरिकालाही इथे मत देता येते, हे मला याच यादीवर कळले आणि मी त्याच दिवशी नोंदणी केली. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांना हे माहीत नाही. सोमवारपूर्वी मी त्या सर्वांना सांगणार आहे.

ग्राह्य ओळखपत्रांची यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. माझे विद्यापीठाचे ओळखपत्र चालत नाही आणि तरुणांचे रेल्वे कार्डही चालत नाही, पण ज्येष्ठांचा मोफत बस पास चालतो. हा भेद मला अन्यायाचा वाटतो. परंतु वहिनी, आजींकडे बस पास आहे का? त्यावर फोटो असतो, आणि तो इथेच काढलेला असल्यामुळे त्यावर सासरचेच नाव असण्याची शक्यता आहे.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, १४ एप्रिल

बस पास चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो. हे मला आधी सुचायला हवे होते.

---

प्रेषक: एव्हिंग्टनच्या वहिनी
शनिवार, १५ एप्रिल

सर्वांची मनापासून आभारी आहे, आणि मुलुंडच्या मुलाची विशेष. हे गाडीने नेत-आणत असल्यामुळे सासूबाई कित्येक वर्षांत बसमध्ये बसलेल्या नाहीत, आणि पास होता हे मी विसरूनच गेले होते. काल रात्री कपाट, पर्स, देवघराचा खण असे सगळे शोधले. शेवटी त्या स्वतःच उठल्या आणि हळदीकुंकवाच्या डब्याखालून पास काढून दिला. कडा पिवळ्या पडल्या आहेत, मुदत २०१९ मध्ये संपली आहे, एका कोपऱ्याला कुंकू लागले आहे, पण फोटोतला चेहरा त्यांचाच आहे आणि नाव यादीत आहे तेच, अक्षर न अक्षर.

अप्पा, लग्नपत्रिकाही सापडली. ती त्यांनी केंद्रावर न्यायची नाही असे ठरले आहे, पण आज दुपारभर त्या ती वाचत बसल्या होत्या. ताई, ३० तारखेला त्या माझ्याबरोबर येतील. तीन फुल्यांचे तेवढे तुम्ही त्यांना समोर बसवून समजावून सांगा, मी सांगितलेले त्यांना पटत नाही.