सवयीने आवाज लहान होत नाही

"स्वमग्न मुलांना मुद्दाम गर्दीत न्या, सवय होते" असं एकांनी लिहिलंय. आस्थेनेच लिहिलंय, पण मला ते पटत नाही. मी स्वतः स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे, वय 41. मला अजून मिक्सरची सवय झालेली नाही.

लग्नाच्या हॉलचंच सांगते. बँडपेक्षा मला पंगत जड जाते. वाढप्याचा डाव बादलीवर आपटतो, मागे कुणी खुर्ची फरशीवरून ओढतं, शेजारच्या काकूंचा गजरा घमघमतो, ब्लाउजची जर दंडाला टोचत असते. तुमचं मन यातलं बरंचसं आपोआप मागे सारतं. माझ्याकडे सगळं एकाच जोराने येतं. मग समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द लागत नाहीत, उत्तर सुचत नाही. लोक म्हणतात, शिष्ट आहे.

हे लाड नाहीत. डॉक्टर मानसिक निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तिकेत, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत संवेदनांचा हा भाग आलेला आहे.

मुलाने कानांवर हात ठेवले तर ते कृपा करून खाली ओढू नका. "काय झालं, सांग ना" हेही तेव्हा नको, तो आणखी एक आवाजच असतो. बाहेर जिन्यात न्या, नुसते शेजारी बसा.

लहानपणी आमच्या घरी निदान वगैरे काही माहीत नव्हतं. तरी आई कुकरजवळून हाक द्यायची, "शिट्टी होईल गं आता." शिट्टी तेवढीच मोठी असायची, पण अंगावर यायची नाही.