घरच्या कॉम्प्युटरला कॉपीसाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

मिरजेची माहेरवाशीण
गणपतीला माहेरी आलेय. बाबांच्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क हल्ली कुरकुर करते, म्हणून बाहेरून जोडायची दोन टीबीची नवी डिस्क घेतली. ऐवज ६४० जीबीचा: २००४ पासूनचे फोटो, व्हीएचएस कॅसेटवरून उतरवलेलं आईबाबांचं लग्न, बाबांच्या हिशेबाच्या एक्सेल. सगळं सिलेक्ट केलं, कॉपी, पेस्ट, आणि रात्री अकराला झोपले. सकाळी बघते तर पट्टी ३८ टक्क्यांवर आणि एका फोटोपाशी 'पुन्हा प्रयत्न की वगळू' असं विचारत खिडकी ताटकळलेली. वगळ म्हटलं. पुढे सरकलं, आणि दुपारी लाइट गेली. आता काय उतरलं, काय राहिलं, पत्ता नाही.

भाऊ म्हणतो, टेराकॉपी नावाचं कॉपीचं सॉफ्टवेअर टाक. बाबा म्हणतात, "विंडोजमध्ये कॉपी आहे ना? मग नेटवरचं काहीबाही कशाला घालायचं?" मला दोघांचंही पटतंय. तुम्ही काय वापरता?

खटपट्या
भाऊ बरोबर आहे. टेराकॉपी २००७ पासून आहे, घरगुती वापराला फुकट. वेगासाठी घेऊ नका, वेगात फार फरक पडत नाही. घ्यायचं ते दोन गोष्टींसाठी. एक, अडलेली फाइल ते बाजूला ठेवतं आणि पुढे जातं, रात्रभर तुमची वाट बघत बसत नाही. दोन, शेवटी कुठल्या फायली राहिल्या त्याची यादी समोर असते आणि तेवढ्याच पुन्हा लावता येतात. नेहमीच्या कॉपीत 'वगळा' दाबलं की विषय संपला. कुठली वगळली, ते नंतर कोणी सांगत नाही.

काळा पडदा
बाबांना माझा नमस्कार सांगा, खरं तेच बोलले. फक्त त्यांच्या विंडोजमध्ये माउसच्या कॉपीखेरीज आणखी एक कॉपी आहे, ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. रोबोकॉपी. जुन्या विंडोज एनटीच्या जमान्यातलं, व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये आपसूक येतं. काही उतरवायचं नाही, जाहिरात नाही, 'प्रो घ्या' नाही. कमांडची काळी खिडकी उघडा आणि

रोबोकॉपी डी:\फोटो ई:\फोटो /ई /आर:१ /डब्ल्यू:१ /लॉग:ई:\यादी.टीएक्सटी

(इंग्रजीत टंकायचं, हे वेगळं सांगायला नको.) लाइट गेली तर तीच ओळ पुन्हा चालवा. आकार आणि तारीख जुळलेल्या फायली सोडून उरलेल्याच घेतं. खटपट्यांची यादीही मिळाली, लॉगमध्ये.

आर आणि डब्ल्यू मात्र विसरू नका. ते दिले नाहीत तर अडलेल्या फायलीवर दहा लाख वेळा प्रयत्न करायचे आणि दर वेळी ३० सेकंद थांबायचं, असा मूळ हिशेब आहे. म्हणजे एका फोटोपाशी ३४७ दिवस. पुढचे गणपती येतील.

खटपट्या
हेच म्हणतोय मी! जिथे दोन अक्षरं विसरली की वर्षभर थांबावं लागतं, ते हत्यार तुम्ही निवृत्त माणसाच्या हातात देताय. 'आपसूक येतं' म्हणून सोपं होत नाही. विहीरही अंगणातच असते.

निवांत नाना
सगळे सॉफ्टवेअरवरून भांडा, पण "डिस्क कुरकुर करते" हे वाक्य कोणीच वाचलं नाही का? पहिल्या परिच्छेदात आहे.

ताई, आधी क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून बघा, ते डिस्कची तब्येत रंगाने दाखवतं, पाच मिनिटांचं काम. निळं असेल तर या दोघांपैकी कोणाचंही ऐका. पिवळं किंवा लाल असेल तर पुनःपुन्हा प्रयत्न करणारं काहीही लावू नका. मरणाऱ्या डिस्ककडून तोच खराब तुकडा दहादा वाचून घेणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला जिना चढायला लावणं. अशा वेळी आधी जे प्राणाहून प्यारं आहे ते फोल्डर उचलायचं, बाकीचं नंतर. फारच खराब असेल तर लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू: ते सहज वाचता येणारा भाग आधी काढून घेतं, अडलेल्या जागांची नोंद ठेवतं आणि तिकडे शेवटी वळतं.

आणि नवी डिस्क कॅबिनेटच्या पुढच्या तोंडाला लावली असेल तर ती काढून मागे लावा. जुन्या कॅबिनेटमध्ये पुढे बहुतेक यूएसबी २ असतं, सेकंदाला ३० एमबी मिळाले तरी खूप. ६४० जीबीला सहा तास. मागे आत निळी पट्टी असलेलं तोंड असेल तर ते यूएसबी ३. डिस्कने सेकंदाला १०० एमबी दिले तर पावणेदोन तास. बारीक फायलींना जास्त लागेल, पण हा फरक कुठलंही सॉफ्टवेअर टाकून मिळत नाही.

लग्नसराई
मी लग्नाचे फोटो काढतो, दर रविवारी कार्डं रिकामी करतो. माझा मुद्दा एकच: व्हेरिफाय. टेराकॉपी असो की जपानचं फास्टकॉपी, दोन्हींत ती सोय आहे. मूळ फायलीचा हॅश काढायचा, म्हणजे अंगठ्याचा ठसा म्हणा. नव्या जागी उतरलेली फाइल परत वाचून तिचा ठसा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. रोबोकॉपी हे करत नाही. ते आकार आणि तारीख बघतं. आकार जुळला म्हणजे मजकूर जुळला असं नसतं. एका सैल केबलने मला ते शिकवलंय. फोल्डर पूर्ण, आकडा पूर्ण, आणि कन्यादानाचे फोटो अर्ध्यातून खाली करडे. त्या नवरीच्या वडिलांशी झालेलं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

काळा पडदा
तुमचं दुःख मान्य, पण व्हेरिफाय म्हणजे रामबाण नव्हे. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच वाचायला मागितली तर ती डिस्कवरून न येता रॅममधूनच येऊ शकते. मग ठसा जुळणारच. दुसरं, मूळ फोटोच आधी बिघडलेला असेल तर तो तसाच बिघडलेला उतरतो आणि वर हिरवी खूणही मिळते. शिवाय सगळं परत वाचायचं, म्हणजे वेळ जवळजवळ दुप्पट.

लग्नसराई
फास्टकॉपी विंडोजची कॅशे, म्हणजे तीच रॅममधली तात्पुरती प्रत, टाळूनच वाचतं-लिहितं, म्हणून मी तेच वापरतो. दिसायला ओबडधोबड आहे, बटणांची गर्दी आहे, चालायचंच. आधीच बिघडलेल्याचं म्हणाल तर त्याला कोणीच काही करू शकत नाही, तुमची काळी खिडकीसुद्धा. आणि दुप्पट वेळ? रात्रभर मशीन चालतं, मी झोपतो.

एक हळहळलेला
रोबोकॉपीवाल्यांनी ताईंना /एमआयआर सांगितलं नाही याबद्दल आभार. मी ते वापरलं होतं. हुबेहूब आरसा करतं: मूळ जागी जे नाही ते दुसरीकडून उडवतं. मी घाईत दोन्ही पत्ते उलटे टाकले. नवं रिकामं फोल्डर मूळ झालं आणि भरलेलं त्याचा आरसा. एकदाही विचारलं नाही, कचऱ्याच्या डब्यातही काही गेलं नाही. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून शेवटी /एल लावतो. नुसतं काय होईल ते दाखवतं, करत काही नाही. आधी रंगीत तालीम, मग प्रयोग.

डोंबिवलीचा पेंग्विन
आरसिंक, आम्हा लिनक्सवाल्यांची कॉपीची कमांड. १९९६ पासून. बाकी चर्चा चालू द्या.

खटपट्या
@पेंग्विन, त्यात फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर एक होतं आणि नाही दिली तर दुसरंच, हेही सांगून जा. की बाबांनी ते मिरजेत बसून शोधायचं?

मिरजेची माहेरवाशीण
नाना, पिवळं आलं. 😔 पुढचं तोंड सोडून मागे निळ्यात लावलं. आधी लग्न आणि २००४ ते २०१० चे फोटो उचलले, मग बाकीचं. शेवटी टेराकॉपीच घेतलं, कारण मी परवा पुण्याला परतणार आणि ती यादी बाबांना एकट्याने वाचता आली पाहिजे. व्हेरिफाय चालू ठेवलं. एक शंका: परवा नेहमीच्या कॉपीने एका फोल्डरला 'नाव फार लांब आहे' म्हणून अडवलं होतं, आज ते बिनबोभाट गेलं. नाव तर लांब नव्हतं?

खटपट्या
मराठीत दिलं होतं का? विंडोजच्या त्या खिडकीला ड्राइव्हपासून फायलीपर्यंतचा अख्खा पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो. आणि आपली मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. 'कोल्हापूर' आपल्याला चार अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला नऊ. फोल्डरात फोल्डर करत गेलं की भरतंच.

काळा पडदा
रोबोकॉपीलाही लांब पत्ता चालतो. नोंद असावी.

मिरजेची माहेरवाशीण
नोंद घेतली. 🙂 झालं एकदाचं. ७१ हजारांच्या वर फायली, त्यातल्या १४ राहिल्या. नऊ 'थम्ब्स' नावाच्या, भाऊ म्हणाला सोडून दे, विंडोज परत बनवतं. उरलेल्या पाचांत चार फोटो २००९ चे आणि एक दादाच्या मुंजीचा व्हिडिओ. फोटोंच्या प्रती काकूंकडे निघाल्या. मुंजीचं बघू, पेंग्विनने डीडीरेस्क्यूची पेन ड्राइव्ह करून पाठवतो म्हटलंय.

बाबांनी जुनी डिस्क काढून, फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलीय. आई म्हणते टाकून द्या. ते हात लावू देत नाहीत.

निवांत नाना
बरोबर करतात. फक्त कापराची डबी शेजारी ठेवू नका म्हणावं.