पट घसरला म्हणून नववी-दहावी बंद करणं योग्य आहे का?

मधलीसुट्टी: पुण्यातल्या पेठेतल्या आमच्या अनुदानित मराठी शाळेचा नववी-दहावीचा पट १८ वर आला आणि जूनपासून हे वर्ग बंद झाले. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेच्या (पटावरून शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवण्याच्या) अटी आवळल्या, तेव्हाच धडकी भरली होती. आम्हा शिक्षकांचं समायोजन होईल, पण मुलांचं काय? मला हा निर्णय चुकीचा वाटतो.

कसबेकर: बाई, राग मानू नका, पण मी पालक म्हणून बोलतो. माझा मुलगा अशाच शाळेत होता. वर्गात सात मुलं. एकच सर गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकवायचे, प्रयोगशाळेला कुलूप. खो-खोला मैदानात नऊ जण लागतात, तेवढेही जमायचे नाहीत. मोठ्या शाळेत गेला आणि पोरगा खुलला. अप्पा बळवंत चौकात नूमवि आहे, हुजूरपागा, रमणबाग चालत जाण्यासारख्या. मग अडतंय कुठे?

मधलीसुट्टी: प्रयोगशाळेचं तुमचं म्हणणं खरं आहे, आमच्याकडेही तेच होतं. पण दादा, आमची मुलं आता पेठेतली नाहीत, दांडेकर पुलाच्या वस्तीतली आहेत. अडतंय वेळेत. नववीतल्या एका मुलीचं सांगते. आई पहाटेच धुण्याभांड्याला जाते. ही धाकट्या भावाचं आवरते, अंगणवाडीत सोडते, भाकऱ्या करते आणि १२ ला वर्गात यायची. हाताला पीठ तसंच असायचं. नव्या शाळेत प्रवेश मिळाला तो सकाळी सातच्या सत्रात. भावाला कोणाकडे ठेवणार?

खडकवासला_७: पानशेतला लहान शाळा एकत्र करून समूहशाळा झाली, तिथे मुलांना न्यायला-आणायला बस आहे. शहरातही तशी सोय मागा. शाळा टिकवण्यापेक्षा ते सोपं.

मधलीसुट्टी: बस त्या भावाला सांभाळणार नाही. शिवाय शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयापुरता आणि आठवीपर्यंतच. नववीतली पोर घरी बसली की तिला शोधत कोण येतं? आम्ही जायचो, संध्याकाळी, वस्तीत. कुणाचं घर कुठल्या बोळात ते ठाऊक होतं.

कसबेकर: मग दुपारचं सत्र मागा ना नव्या शाळेकडे, मी सही करतो. पण सात मुलांचा वर्ग चालू ठेवा, हे मला अजून पटत नाही.

मधलीसुट्टी: सही घेतेच. सोमवारी अर्ज लिहिते. १८ पैकी ५ जणांचे शाळा सोडल्याचे दाखले अजून कपाटातच आहेत, न्यायला कुणी आलेलं नाही. त्यात तिचाही आहे.